न दिलेला हात

टॅक्सीचं दार ओढून घेत बायको म्हणाली, "इतका अपमान करायचं काही कारण नव्हतं," आणि मला क्षणभर वाटलं, ती ड्रायव्हरला म्हणतेय. मग लक्षात आलं की गाडीत तिने इतक्या हक्काने रागवावं असा माणूस मी एकटाच आहे. "कुणाचा अपमान?" मी विचारलं. समारंभात मिळालेला गुच्छ माझ्या मांडीवर होता आणि त्याचा ओला कागद पँटला चिकटत होता. "अध्यक्षांनी हात पुढे केला. सगळ्या सभागृहासमोर. तू त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलास आणि हात दिला नाहीस." "कोणता हात?" मी म्हणालो. हे मी अगदी खरं विचारलं होतं. पण माझ्या तोंडून खरं विचारलेलं आणि खवचटपणे विचारलेलं यांतला फरक तिला आता आवाजावरून कळत नाही. चूक तिची नाही, आवाज मीच तसा करून ठेवलाय. "नाटकं नकोत," ती म्हणाली, "निदान आजच्या दिवशी तरी." त्यावर मी जे बोललो ते परत गिळता आलं तर फार बरं होईल. मी म्हणालो, "नाही द्यावासा वाटला." ती खिडकीबाहेर बघू लागली. घरापर्यंतचे सगळे सिग्नल नेमके लाल लागले.

वास्तविक तो तिचा दिवस होता. ऑप्टोमेट्रिस्ट लोकांच्या संघटनेची ती त्या संध्याकाळी अध्यक्ष झाली. डोळे तपासून नंबर काढणारी, चष्मे ठरवून देणारी ही मंडळी. लोक त्यांना सरळ चष्मेवाले म्हणतात आणि डोळ्यांचे डॉक्टर त्यांना आपल्यात धरत नाहीत, म्हणून त्यांना संघटना लागते, असं माझं जुनं मत, आणि ते मी जेवणाच्या टेबलावर बऱ्याच जणांना ऐकवलंय. मावळते अध्यक्ष उंच, दाढीवाले, मोकळ्या स्वभावाचे. भाषणं संपल्यावर त्यांना काय सुचलं कोण जाणे, माइकवरून म्हणाले, "नव्या अध्यक्षांच्या यजमानांनीही वर यावं." मी व्यासपीठाच्या पायरीला ठेचकाळत वर गेलो. त्यांचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. दाढीतला पांढरा पट्टा, चष्म्याच्या काचेत पडलेले वरचे दिवे, सगळं. ते म्हणाले, "मग, तुमच्या परवानगीने यांना आता आम्ही पूर्णवेळ घेऊन जातो. चालेल ना?" मी म्हणालो, "न्या की. तशीही ती तुमच्याकडेच असते." लोक हसले. मग नळाचं पाणी जावं तसं ते हसणं मध्येच थांबलं, आणि अध्यक्षांचं हसूही हळूहळू उतरलं. मला वाटलं, विनोद जरा जड झाला. खाली उतरून मी खुर्चीवर बसलो तेव्हा शेजारच्या बाईंनी आपली पर्स मांडीवर घेतली. आता टॅक्सीत मी तो प्रसंग पुन्हा आठवून बघत होतो. त्यात चेहरा होता, दाढी होती, टायची गाठ होती. टायच्या खाली काही नव्हतं. हात आठवत नव्हता असं नाही, हात त्यात नव्हताच.

आणि तरी मी "नाही द्यावासा वाटला" म्हणालो, कारण ते साफ खोटंही नव्हतं. तो हात मला कित्येक वर्षं द्यावासा वाटला नव्हता. संघटनेला मी घरात 'सवत' म्हणायचो. रविवारी सकाळी ती डोक्यावर गॉगल सारून, पिशवीत टॉर्च आणि एकेक डोळा झाकायच्या झाकण्या घालून निघाली की मी वर्तमानपत्राआडून विचारायचो, "निघालीस का माझ्या सवतीकडे?" पुरुषाला सवत, हा विनोद पहिल्यांदा तिला इतका आवडला होता की तिने तो संघटनेतही सांगितला. या सगळ्याची सुरुवात अगदी साधी झाली. तिच्या क्लिनिकमध्ये एक बाई मुलाला घेऊन आल्या आणि तिने मुलाच्या डोळ्याबद्दल काही शंका काढल्यावर म्हणाल्या, "तुम्ही फक्त नंबर काढा हो, बाकीचं डॉक्टर बघतील." त्या दिवशी ती घरी आली ती भांडी आपटतच. नंतर याच दाढीवाल्यांनी तिला एका शाळेत मुलांचे डोळे तपासायला बोलावलं, फुकट, सुट्टीच्या दिवशी. संध्याकाळी परत आली तेव्हा तिचा घसा बसला होता आणि चेहरा नुकती आंघोळ केल्यासारखा दिसत होता. "एक मुलगी आहे रे," ती सांगत होती, "शेवटच्या बाकावरची. तिला वाटायचं, फळा सगळ्यांनाच असा दिसतो. पांढरट. तिला वाटायचं, बाकीची मुलं बाईंचं नुसतं ऐकून लिहितात." मी म्हणालो, "वा." तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून नीट ऐकायला हवं होतं. ती आणखी सांगणार होती, तोंड उघडलंही होतं तिने, मग आत जाऊन तिने चहा टाकला. मग एका शाळेच्या अनेक शाळा झाल्या, शाळांची शिबिरं झाली, शिबिरांच्या सभा, सभांची उपसमिती. सवतीच्या विनोदावर ती हसायची थांबली. विनोद करायचा मी थांबलो नाही.

मी स्वतः मुद्रितशोधक. छापायच्या आधी पानांतल्या चुका काढायच्या, हे माझं आयुष्यभराचं काम. त्यामुळे संघटनेची पत्रिका तपासायला माझ्याकडेच येई, आणि मला बजावलं जाई की हीही सेवाच आहे. मी ती करायचो, कुरकुरत, पण चोख. 'दृष्टीपटल' दिसलं की 'दृष्टिपटल' करायचो. 'ऑप्टोमेट्रिस्ट' हा शब्द माणसं किती तऱ्हांनी लिहू शकतात यावर मी एक स्वतंत्र व्याख्यान देऊ शकतो. एका अंकात तिचाच लेख होता, काचबिंदूवर. संघटनेने त्या वर्षी काचबिंदूचा सप्ताह केला होता आणि ती त्याची प्रमुख होती. लेखात एक वाक्य होतं: "या आजारात नजर कडेकडून हळुहळू जाते, रुग्णाला पत्ता लागत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही, राहीलेली मात्र राखता येते." मी 'हळुहळू'चं 'हळूहळू' केलं. 'राहीलेली'ची वेलांटी ऱ्हस्व केली. पान उलटलं. धंद्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही: अर्थात शिरलं की चुका निसटतात, म्हणून आम्ही अर्थात शिरत नाही. तो लेख मी तीनदा तपासला आणि एकदाही वाचला नाही.

तिचंही माझ्या बाबतीत थोडंफार असंच झालं असणार. संध्याकाळी मी तिला घ्यायला क्लिनिकमध्ये जायचो, तेव्हा ती बहुतेक फोनवर असे. शाळेची परवानगी, बॅनरवरचं नाव, कोण येणार, कोण रुसलंय. मी पेशंटच्या खुर्चीत बसून राहायचो आणि समोर अक्षरांचा तक्ता. मुद्रितशोधकासमोर अक्षरं ठेवली की तो ती वाचणारच. तो तक्ता मला वरून खाली आणि खालून वर पाठ झाला. मग कधीतरी फोन ठेवता ठेवता ती म्हणायची, "बसलाच आहेस तर बघून टाकू," आणि माझा एक डोळा झाकायची. मी शेवटची ओळ एका दमात म्हणून दाखवायचो. "काय डोळे आहेत माणसाचे!" ती म्हणायची, दिवा बंद करायची, आणि आम्ही घरी. डावा डोळा झाकलेला असताना खालच्या ओळी पुसट असायच्या. हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण पाठ झालेल्या गोष्टीत आपल्याला दिसतंय किती आणि आठवतंय किती, हे कोण वेगळं काढत बसतं? शिवाय तिचं ते "काय डोळे आहेत" मला हवं असायचं. दिवसभरात माझ्या वाट्याला आलेलं तिचं तेवढं एकच वाक्य असायचं कधी कधी. दुसरा कुणी पेशंट असता तर तिने तक्ता बदलला असता, डोळ्याचा दाब बघितला असता, कडेची नजर बघितली असती. मी घरचा होतो.

समारंभानंतर अबोला सुरू झाला. आमच्यात पूर्वीही अबोले झालेत, पण ते रुसव्याचे. म्हणजे दार आपटणं, ताट जरा जोरात ठेवणं, एकूण आवाज भरपूर. हा तसा नव्हता. ती शांत होती, दमल्यासारखी. आमच्या मुलीचा परगावाहून फोन आला. "बाबा, आईला एक सॉरी म्हणून टाक ना. काय जातं तुझं?" मी म्हणालो, "बघू." त्याच दुपारी आतल्या खोलीतून मला बायकोचा आवाज ऐकू आला. ती दाढीवाल्यांशी फोनवर बोलत होती. "नाही हो, मनात काही नसतं त्यांच्या. वर दिवे किती होते... दिसलाच नसेल हात. खरंच, दिसला नसेल." ती खोटं बोलत होती. माझी अब्रू झाकायला खोटं बोलत होती आणि ते तिला जमत नव्हतं. पलीकडून ते हसले असावेत, कारण तीही कसनुसं हसली. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला आलो होतो, तिथेच थांबलो. "दिसला नसेल." इतका साधा शब्द, आणि माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. मी कॅलेंडरवरच्या चित्राकडे नजर लावली आणि उजवा हात पुढे केला, माणूस करतो तसा, कमरेच्या जरा वर. हात नव्हता. लोकांना वाटतं तिथे अंधार असेल, काळं काही असेल. तसं काही नसतं. ओटा होता, ओट्याचा पिवळट रंग सलग होता, जिथे माझा हात असायला हवा तिथेही ओटाच होता असं वाटत होतं, कुठे ठिगळ नाही, शिवण नाही. मी हात हळूहळू वर आणत गेलो. बोटं हनुवटीपाशी एकदम उगवली, माझीच, नखं वाढलेली. मी हात खाली नेला, ती गेली. पुन्हा वर आणला. असं मी बराच वेळ करत राहिलो असेन. मग माझ्या नडग्यांवरचे काळेनिळे डाग आठवले, ज्यांना मी म्हातारपण म्हणत होतो. जिन्याची शेवटची पायरी आठवली, ती बांधणाऱ्याला मी रोज शिव्या देत होतो. कामावर ओळ संपवून खाली उतरताना पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नसे आणि मी अक्षरजुळणी करणाऱ्यांवर खेकसत होतो, की दोन ओळींत अंतर ठेवत नाहीत. सगळं जग हळूहळू गचाळ होत चाललंय, अशी माझी पक्की समजूत झाली होती. 'हळूहळू', दोन्ही ऊकार दीर्घ. मला भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती. आणि पहिली इच्छा झाली ती आत जाऊन तिला हाक मारायची.

पण मी गेलो नाही. काय सांगणार होतो? डोळे तपासणाऱ्या बाईला नवऱ्याने सांगायचं की तुझ्या अध्यक्षांचा हात मला दिसलाच नाही. इतकी सोयीची सबब मी आजवर कधी काढली नव्हती. आणि तिला ते खरं वाटलं असतं तर? सगळ्या गावाला ती सांगत फिरली होती की डोळ्यांचा दाब बघून घ्या, चाळिशीनंतर दरवर्षी बघून घ्या, घरच्यांचाही बघून घ्या. तिच्या संघटनेतलं कुणी काही बोललं नसतं. सगळे चांगुलपणाने गप्प बसले असते आणि ते तिला सहन झालं नसतं. त्यापेक्षा नवरा माजोरडा आहे हे बरं. माजोरड्या नवऱ्यापायी लोकांकडून कीव तरी करून घेता येते. असं मी स्वतःला समजावलं आणि मला त्यात जरा मोठेपणाही वाटला. पुरुषाला भीती वाटत असली की तो काय काय शोधून काढतो. दिवस गेले. एकेक गेलेला दिवस उरलेल्या नजरेतून जातोय हे आता मला माहीत होतं, तरी मी ते जाऊ दिले. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

सुट्टीची सकाळ होती. मी टेबलापाशी बसलो होतो. ती येऊन समोर उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिने केस बांधले नव्हते, डोळ्यांखाली जागरण दिसत होतं. ती काही बोलेना. मला वाटलं, ती माझ्या बोलण्याची वाट बघतेय, आणि मला एकदम भरून आलं. मी म्हणालो, "चुकलं माझं. जाऊन त्यांची माफी मागतो." तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठेतरी गेला, आणि तिथे दुसरंच काही आलं. असा चेहरा मी तिच्या क्लिनिकमध्ये बघितलाय, समोर पेशंट असताना, एरवी कधी नाही.

"माझ्या हातात काय आहे?" तिने विचारलं.

मी खाली बघितलं. "चहा."

"आत्ता नाही. खाली बघायच्या आधी."

तिने कपबशी टेबलावर ठेवली, बशीत अर्धा चहा सांडलेला होता. एरवी ती चहा देताना "हं, घे" म्हणते. प्रत्येक वस्तू देताना काहीतरी म्हणतेच ती, "धर", "बघ", "इथे ठेवलंय". मी तिच्या आवाजावरून हात पुढे करत आलो होतो, किती दिवस कोण जाणे. या अबोल्यात तो आवाज गेला आणि कप तसाच हवेत राहिला.

"तो हातही," ती म्हणाली, "खरंच दिसला नव्हता?"

"नव्हता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तूच सांगितलंस की त्यांना. फोनवर."

हे बोलायला नको होतं. पण तोंडाला सवय लागली की ते वेळ बघत नाही. ती खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला रडताना मी पूर्वी बघितलंय, पण आवाज न करता रडताना नाही. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, तुझं काय त्यात," मी म्हणालो. "सगळं माझंच आहे त्यात," ती हातांआडून म्हणाली. मग तोंड पुसून उठली. "चप्पल घाल. ऑफिसात मशीन आहे."

संघटनेचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत घडीच्या खुर्च्या, गुंडाळून ठेवलेले बॅनर, मागच्या सप्ताहाची पत्रकं. मी इथे याआधी आलो नव्हतो. ती कित्येकदा "येऊन तर बघ" म्हणाली होती. भिंतीवर शिबिरांचे फोटो होते आणि जवळजवळ प्रत्येकात ती होती. कुठे एका आजोबांच्या डोळ्यात टॉर्च धरलेली, कुठे मुलांच्या घोळक्यात वाकलेली, आणि सगळीकडे हसत होती. हे हसणं मी घरी बघितलं नव्हतं, की बघितलं होतं आणि माझ्यासमोर ते बंद पडलं, ते मला आठवेना. आतल्या खोलीत ते यंत्र होतं. कडेची नजर तपासायचं, मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं. ते मिळावं म्हणून ती दोन वर्षं लोकांचे उंबरे झिजवत होती, आणि मी तेव्हा विचारलं होतं, "सवतीला दागिना घेतेयस का?" तिने हनुवटी टेकायची जागा स्पिरिटने पुसली. माझ्या डाव्या डोळ्यावर पट्टी लावली. तिची बोटं गार होती, कानशिलावरून केस मागे सारताना जराशी थांबली, आणि अशा वेळीही मला ते बरं वाटलं, याची लाज वाटली.

"समोरच्या पिवळ्या ठिपक्याकडेच बघायचं," ती म्हणाली. आवाज सगळ्या पेशंटना सांगते तोच, पाठ असलेला. "डोळा हलवायचा नाही. आजूबाजूला कुठेतरी बारीक दिवा लागेल. दिसला की बटण दाबायचं. नाही दिसला तर नाही दाबायचं. सगळे दिवे सगळ्यांना दिसत नसतात."

खोलीतला दिवा तिने घालवला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तिथे तिच्या बाजूला यंत्राचा निकाल दाखवणारा पडदा होता. यंत्र घुर्र करून थांबलं आणि वरच्या अंगाला एक टिंब चमकलं. मी बटण दाबलं. पुन्हा घुर्र, पुन्हा टिंब. दाबलं. मला हायसं वाटलं, वाटलं की इतकं काही वाईट नाही. टिंब, टिंब. मग जरा वेळ गेला. घुर्र झालं आणि काही आलं नाही. पुन्हा घुर्र. पुन्हा काही नाही. वाडग्याचा पांढरा रंग सलग होता, स्वच्छ, कुठे काही कमी नसलेला. मी वाट बघत राहिलो. घुर्र, घुर्र.

"बंद पडलं का गं मशीन?" मी विचारलं.

मागून ती म्हणाली, "नाही. चालू आहे."

तेव्हा मला समजलं की प्रत्येक घुर्र म्हणजे एक दिवा आहे. तो लागतोय, आणि ती तो बघतेय, आणि मी बटण दाबत नाही हेही बघतेय. त्या पडद्यावर माझं किती गेलं ते एकेक टिंब करून तिच्यासमोर उमटत होतं, आणि या खोलीत तिच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. माझी हनुवटी टेकलेली, एक डोळा बांधलेला. माझ्या हातात फक्त ते बटण होतं. पुढचं घुर्र झालं तसं मी ते दाबलं. त्याच्या पुढच्यालाही दाबलं. कान देऊन ऐकायचं आणि दाबायचं, मला चांगलं जमायला लागलं. वाटलं, निदान एवढं तरी तिला देता येईल. थोडे दिवे.

"उगाच दाबू नकोस रे," ती म्हणाली. आता तो आवाज पेशंटना सांगायचा नव्हता. "मधूनच ते नुसता आवाज करतं, दिवा न लावता. तेव्हाही दाबलंस तू."

मी अंगठा बाजूला घेतला. पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहिलो. घुर्र झालं.

"आत्ता लागला का?" मी विचारलं.

"हो."

पुन्हा घुर्र झालं.

"आणि आत्ता?"

"हो," ती म्हणाली. "आत्ताही."